तुरटी, पाणी आणि विस्मृती

पावसाळ्याचे पहिले पाणी नदीला आले की घरच्या हंड्यात तांबूस, गढूळ पाणी येऊन पडते. मग घरातील जाणती स्त्री कोनाड्यातील तुरटीचा खडा काढते, तो हंड्यात चार-पाच वेळा फिरविते आणि हंडा झाकून ठेवते. सकाळी माती तळाशी बसलेली असते व वरचे पाणी नितळ झालेले असते. या खड्याला इंदूरच्या बाजारात फिटकरी म्हणतात, बडोद्याच्या बाजारात फटकडी. नाव कोणतेही असो, गुण तोच. आणि शहरांच्या मोठमोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांतही, खडा हातात न धरता पोत्यांनी अगर टाकीतून सोडून, हेच काम केले जाते.

तुरटी हा ॲल्युमिनियम या धातूचा एक क्षार आहे. तुरटी फिरविणाऱ्या हाताला हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते, आणि ठाऊक असते तरी त्यामुळे कोणाला काळजी वाटली नसती. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या निरुपद्रवी वाटणाऱ्या पदार्थावर एक गंभीर आळ आला. उतारवयात माणसाची स्मृती हळूहळू पुसली जाते, त्याला स्वतःचे घर ओळखता येत नाही, अखेर पोटच्या मुलांची नावेही आठवत नाहीत, असा जो अल्झायमरचा रोग, त्याचे बीज पिण्याच्या पाण्यातील ॲल्युमिनियममध्ये तर नाही ना, हा तो आळ होय. तो कसा उत्पन्न झाला, कोठे खरा ठरला व कोठे डळमळला, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

प्रथम तुरटी नेमके काय करते ते पाहावे. गढूळ पाण्यातील मातीचे कण इतके बारीक असतात की ते आपल्या भाराने खाली बसतच नाहीत. शिवाय त्या प्रत्येकावर ऋण विद्युद्भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतील ॲल्युमिनियमवर धन विद्युद्भार असतो. तो कणांचा भार नाहीसा करतो. त्याच वेळी त्याचा पाण्याशी संयोग होऊन पांढरट, चिकट पुंजके तयार होतात. या पुंजक्यांना माती चिकटते, मातीबरोबर पुष्कळसे रोगजंतूही चिकटतात, आणि सगळा गाळ जड होऊन तळ गाठतो. टाकलेल्या ॲल्युमिनियमचा बहुतेक भाग असा गाळाबरोबरच निघून जातो. पाण्याची आम्लता योग्य असेल, मात्रा बेताची असेल आणि वाळूची गाळणी नीट काम करीत असेल, तर मागे उरणारा अंश फारच थोडा असतो. मात्रा चुकली किंवा गाळणीची हेळसांड झाली, तर तो वाढतो. मातीतही ॲल्युमिनियम असतेच; भूपृष्ठाच्या खडकमातीत सुमारे आठ टक्के ॲल्युमिनियम आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही धातूचे प्रमाण इतके नाही. तेव्हा न शुद्ध केलेल्या गढूळ पाण्यात ॲल्युमिनियम नसते अशी कोणाची समजूत असेल, तर ती चुकीची आहे. फरक इतकाच की मातीतील ॲल्युमिनियम कणांत बंदिस्त असते, आणि तुरटीचे जे मागे उरते त्यातील काही भाग विरघळलेल्या रूपात असतो.

आता रोगाकडे वळू. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे वर्णन विद्वानांपुढे मांडले. तिच्या मज्जापेशींत त्याला तंतूंचे गुंते दिसले होते आणि पेशींच्या बाहेर चकत्यांसारखे साचलेले द्रव्य आढळले होते. हे गुंते व या चकत्या हीच आजतागायत या रोगाची ओळख आहे. त्यांचे कारण मात्र पुढील साठ वर्षे अंधारातच राहिले.

१९६५ साली अमेरिकेत क्लाट्झो आणि त्यांचे सहकारी सशांवर वेगळ्याच हेतूने प्रयोग करीत होते. त्यांनी टोचलेल्या मिश्रणात ॲल्युमिनियमचा एक क्षार होता. सशांना झटके येऊ लागले, आणि त्यांच्या मेंदूच्या पेशींत तंतूंचे गुंते आढळले. अल्झायमरच्या गुंत्यांशी त्यांचे साम्य पाहून संशोधक चकित झाले. पुढे १९७३ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे क्रॅपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूच्या काही भागांत ॲल्युमिनियमचे प्रमाण वाढलेले असल्याचे प्रसिद्ध केले. संशयाला आता दोन पाय फुटले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता सशांतील गुंते निराळ्या प्रकारच्या सरळ तंतूंचे आहेत आणि माणसातील गुंते पीळ पडलेल्या जोडतंतूंचे आहेत, हे यथावकाश उघड झाले. परंतु लोकांच्या मनात एकदा शिरलेला संशय असल्या बारकाव्यांची वाट पाहत नाही.

याच सुमारास ॲल्युमिनियमवरील आरोप निर्विवाद सिद्ध झाला, मात्र तो अगदी वेगळ्या ठिकाणी. अमेरिकेतील डेन्व्हर येथे मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांचे रक्त यंत्राने शुद्ध केले जात असे. या उपचाराला डायालिसिस म्हणतात. काही वर्षे हा उपचार घेतलेले रुग्ण अकस्मात अडखळत बोलू लागले. त्यांचे हातपाय झटके देऊ लागले, बुद्धी भ्रमित झाली, अपस्माराचे झटके आले, आणि काही महिन्यांतच त्यांचा अंत झाला. १९७६ साली आल्फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूंत ॲल्युमिनियमचा मोठा साठा झाल्याचे दाखवून दिले. ब्रिटनमध्येही हीच आपत्ती ओढवली होती आणि तिचे स्वरूप मोठे विचित्र होते. एका शहरातील केंद्रात रुग्ण धडाधड दगावत, तर दुसऱ्या शहरात याच यंत्रावर याच पद्धतीने उपचार घेणारे सुखरूप राहत. १९७९ मध्ये तेथील निरनिराळ्या केंद्रांची पाहणी झाली तेव्हा कारण हाती आले: ज्या केंद्रांच्या नळाच्या पाण्यात ॲल्युमिनियम अधिक, तेथे मेंदूचा हा विकार व हाडे ठिसूळ होऊन मोडण्याचा विकारही अधिक.

एका उपचारात सुमारे सव्वाशे लिटर पाणी पातळ पडद्यापलीकडून रुग्णाच्या रक्ताला भिडते, आणि हा उपचार आठवड्यातून तीनदा होतो. निरोगी माणूस पाण्यातून अगर अन्नातून जे ॲल्युमिनियम पोटात घेतो, त्यातील हजारात एक ते तीन भागच आतड्यांतून रक्तात उतरतात, आणि जे उतरतात त्यांतील बहुतेक मूत्रपिंडे बाहेर टाकतात. या रुग्णांच्या बाबतीत दोन्ही पहारे उठलेले होते. आतडी वाटेतच लागत नव्हती आणि मूत्रपिंडे कामच करीत नव्हती. केंद्रांनी पाणी विशेष प्रक्रियेने ॲल्युमिनियममुक्त करण्यास आरंभ केला आणि ही भयानक साथ ओसरली. पाण्यातील एका सूक्ष्म द्रव्याने माणसाची बुद्धी हिरावून घेतली व ते द्रव्य काढताच संकट टळले, असे निर्विवाद उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या दुर्दैवी रुग्णांच्या मेंदूंत ॲल्युमिनियम भरपूर होते, पण अल्झायमरच्या रोगाची ओळख असलेले ते गुंते व त्या चकत्या यांचे चित्र तेथे उभे राहिले नव्हते. म्हणजे ॲल्युमिनियम मेंदूला विषारी आहे हे खरे ठरले. ते या विशिष्ट रोगाचे मूळ आहे, हे मात्र ठरले नाही.

जुलै १९८८ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात कॅमलफर्ड या गावाजवळ एक अपघात घडला. बदली आलेल्या एका टँकरचालकाने ॲल्युमिनियम सल्फेटचा २० टन द्रव चुकीच्या टाकीत ओतला, आणि तो शुद्ध झालेल्या पाण्यातून थेट सुमारे २० हजार लोकांच्या नळांत गेला. पाणी इतके आम्ल झाले की त्याने नळांतील तांबेही विरघळविले. लोकांच्या तोंडाला फोड आले, सांधे दुखू लागले; पुष्कळांनी पुढे स्मरणशक्ती मंदावल्याची तक्रार केली. खरी चूक काय झाली ते लोकांना दोन आठवड्यांहून अधिक काळ सांगण्यात आले नाही. अपघातापेक्षा हे मौनच अधिक घातक ठरले, असे म्हणावेसे वाटते. कारण त्यानंतर कोणतीही समिती बसली आणि तिने काहीही निष्कर्ष काढला, तरी तेथील लोकांचा त्यावर विश्वास बसणे कठीण झाले. पंधरा-सोळा वर्षांनी तेथील एका स्त्रीचा मेंदूच्या विरळा विकाराने अंत झाला आणि तिच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे प्रमाण फार मोठे आढळले. तेवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण तो नाकारून मोकळे होणेही तितकेसे सोपे नव्हते.

कॅमलफर्डची चर्चा ऐन भरात असता, १९८९ साली मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इंग्लंड व वेल्समधील ८८ जिल्हाविभागांची त्यांनी पाहणी केली होती. जेथील पाण्यात दर लिटरमागे ०.११ मिलिग्रॅमहून अधिक ॲल्युमिनियम होते, तेथे अल्झायमरच्या रोगाचा धोका ०.०१ मिलिग्रॅमहून कमी असलेल्या विभागांच्या मानाने दीडपट आढळला. स्मृतिनाशाच्या इतर कारणांचा किंवा अपस्माराचा असा संबंध दिसला नाही, ही या निबंधाची जमेची बाजू होती. उणी बाजू अशी की रोग्यांची संख्या मेंदूचे सी. टी. स्कॅन काढणाऱ्या केंद्रांच्या नोंदींवरून काढली होती. जे रुग्ण अशा केंद्रापर्यंत पोहोचलेच नाहीत, ते हिशेबात नव्हते. शिवाय विभागाचे पाणी मोजले म्हणजे व्यक्तीचे पिणे मोजले असे होत नाही. मार्टिन यांनी स्वतःच पुढे १९९७ मध्ये एकेका रोग्याच्या राहत्या ठिकाणांचा इतिहास घेऊन नव्याने शोध केला, तेव्हा त्यांना असा संबंध फारसा आढळला नाही. आपलाच गाजलेला निष्कर्ष पुन्हा कसोटीला लावून त्याचे बळ कमी झाल्याचे जगाला सांगणे, ही शास्त्रज्ञाची खरी सचोटी होय; वर्तमानपत्रांनी मात्र पहिल्या निबंधाला जितकी जागा दिली तितकी दुसऱ्याला दिली नाही. मध्यंतरी १९९२ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी रासायनिक रंग न वापरता, अतिसूक्ष्म किरणशलाकेने मेंदूतील त्या चकत्यांचे गाभे तपासले. त्यांना तेथे ॲल्युमिनियम सापडले नाही. आधी ज्यांना ते सापडले होते त्यांच्या रंगांत व रसायनांतच त्याची भेसळ असावी, असा तर्क त्यावरून निघाला. जे द्रव्य धुळीत, काचेत, भांड्यांत सर्वत्र आहे, ते मेंदूत शोधताना ते शोधणाऱ्याच्या हातूनच आत जाणे सहज शक्य असते.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते. परंतु फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, बोर्दोच्या आसपासच्या जिरोंद व दोर्दोञ या प्रांतांत, पासष्टीपुढील ३,७७७ स्त्रीपुरुषांवर १९८८ पासून वर्षानुवर्षे नजर ठेवण्यात आली होती. २००० साली त्या पाहणीची आठ वर्षांची फलिते आली. दर लिटरला ०.१ मिलिग्रॅमहून अधिक ॲल्युमिनियम असलेले पाणी पिणाऱ्यांत स्मृतिनाशाचा धोका दुपटीच्या घरात गेलेला दिसला. इतके ॲल्युमिनियम पिणारी माणसे त्या समूहात थोडीच होती, ही अडचण होती. तरी पाहणी काळजीपूर्वक केलेली होती आणि तिला सहज बाजूला सारता येत नव्हते. त्याच फलितांत दुसरी एक अनपेक्षित गोष्ट होती. ज्यांच्या पाण्यात सिलिका अधिक, दर लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, त्यांच्यात हा धोका सुमारे चतुर्थांशाने कमी होता. पुढे २००९ साली पंधरा वर्षांच्या हिशेबातही सिलिकेची ही बाजू कायम राहिली.

सिलिका म्हणजे वाळूचे द्रव्य. पाण्यात विरघळलेली सिलिका ॲल्युमिनियमला धरून ठेवते, आणि अशा बंधनातले ॲल्युमिनियम आतड्यातून सहजासहजी आत शिरत नाही. याचा अर्थ असा की, पाण्यात ॲल्युमिनियम किती, एवढाच प्रश्न अपुरा आहे. त्याच्या सोबतीला काय आहे, हेही विचारले पाहिजे. दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपणाऱ्या विहिरींच्या पाण्यात सिलिका मुबलक असते. म्हणून दख्खनच्या माणसाची स्मृती अभेद्य आहे असे मात्र कोणी समजू नये. दोन गावांच्या पाण्यात एका द्रव्याचा फरक असतो तेव्हा दुसऱ्या दहा द्रव्यांचाही असतो, आणि त्या गावांतील माणसांच्या आहारात, शिक्षणात व आयुर्मानातही असतो. डेन्मार्कमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाण्यातील लिथियम अधिक असलेल्या भागांत स्मृतिनाश कमी आढळला, परंतु मधल्या प्रमाणाच्या भागांत उलट अधिक आढळला. असे वेडेवाकडे आलेख पाहिले की घाईने निष्कर्ष काढणाऱ्याची गती आपोआप मंदावते.

मग प्रमाणाचा विचार करावा. माणूस दिवसभरात अन्नातून काही मिलिग्रॅम ॲल्युमिनियम पोटात घेतो. चहाच्या पानांत ते विशेष असते, आणि चिंच-टोमॅटोसारखे आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजविले तर थोडे त्यातूनही येते. पोटातील जळजळ शमविणाऱ्या काही गोळ्यांतून दिवसाला शेकडो मिलिग्रॅम जाते, आणि तरी अशा गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमरचा रोग वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. पिण्याच्या पाण्याचा वाटा एकंदरीच्या वीस भागांत सामान्यतः एक भागही नसतो. भारतीय मानकाने पाण्यातील ॲल्युमिनियमची इष्ट मर्यादा दर लिटरला ०.०३ मिलिग्रॅम धरली असून, दुसरे पाणी उपलब्ध नसेल तेथे ०.२ मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे. निरोगी माणसाने या मर्यादेतील पाण्याची धास्ती घ्यावी असा पुरावा नाही. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय ॲल्युमिनियमयुक्त औषधही घेऊ नये. घरी तुरटी वापरणाऱ्यांनीही खडा हंड्यात टाकून ठेवू नये. चार फेरे पुरेत, आणि गाळ बसल्यावर वरचे पाणी अलगद काढून उकळून घ्यावे, कारण तुरटी जंतूंना खाली बसविते, मारीत नाही.

परंतु हा सगळा हिशेब जेथे खरोखर जीवघेणा होतो, ते ठिकाण बोर्दो नव्हे, आपल्याच देशातील आहे. १९३७ साली शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातल्या एका दुखण्याचे वर्णन केले. तेथील विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड फार होते. लहानपणी दात डागाळत. ऐन उमेदीत पाठीचा कणा लाकडासारखा ताठ होई. आणि पुढे मणक्यांची हाडे जाड होऊन आतली पोकळी इतकी आवळत जाई की त्यातील मज्जारज्जू चेपला जाऊन पाय लुळे पडत. येथे सशांचा प्रयोग नको होता आणि आकडेमोडीचा वादही नव्हता. रोग डोळ्यांनी दिसत होता, कारण भांड्यात भरून येत होते. नालगोंडा, तसेच महाराष्ट्रातील यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांतही पाण्यातील फ्लोराइडचा हा जाच आढळला.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने या पाण्यावर जो उपाय शोधला व १९७० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केला, तो नालगोंडा पद्धती या नावाने जगभर गेला. पाण्यात चुना आणि तुरटी घालावी, ढवळावे, तासाभराहून अधिक स्थिर ठेवावे. पुंजक्यांबरोबर फ्लोराइड तळाशी जाते व वरचे पाणी तोटीने काढून घ्यावे. वीज नको, यंत्र नको, एक बादलीही पुरे. परंतु गढूळपणा घालविण्यास दर लिटरला जेथे काही दशक मिलिग्रॅम तुरटी लागते, तेथे फ्लोराइड घालविण्यास काही शतक मिलिग्रॅम लागते. मात्रा व चुना यांचा मेळ थोडा चुकला तर मागे उरणारे ॲल्युमिनियम मानकाच्या मर्यादेपलीकडे पुष्कळ दूर जाते, असे या पद्धतीच्या परीक्षकांना आढळले.

आता त्या गावातील एखाद्या आईच्या जागी उभे राहून पाहावे. एका बाजूस फ्लोराइड आहे. त्याने तिच्या मुलाचे पाय तिशी-चाळिशीत जातील हे तिने शेजारच्या घरात प्रत्यक्ष पाहिलेले आहे. दुसऱ्या बाजूस तुरटीचे उरलेले ॲल्युमिनियम आहे. त्याने सत्तरीनंतर स्मृती जाईल किंवा जाणारही नाही. ज्या समाजात माणसे सत्तरीपर्यंत चालत्या पायांनी पोहोचतात, त्याला दुसऱ्या बाजूची चिंता करण्याची सवड असते. दूर देशांतील निबंधांचा हवाला देऊन या गावांतली तुरटी बंद करावी असे कोणी म्हटले, तर ते शास्त्राला धरून झाले नसते. त्याचप्रमाणे, बादलीतल्या तुरटीची मात्रा कोण मोजतो व किती वेळा मोजतो याची फिकीर न करता या पद्धतीचे गोडवे गाणे, हेही शास्त्राला धरून नव्हते. बादली गावकऱ्यांच्या हाती दिली गेली. मोजमाप मात्र बहुतेक ठिकाणी कोणाच्याच हाती राहिले नाही, आणि कित्येक गावांतून ही पद्धत मागे पडली, त्याचे एक कारण हेच होते.

पुढे नालगोंडा जिल्ह्याला विहिरींऐवजी नदीचे पाणी नळाने पुरविण्याचे काम तेलंगण सरकारच्या मिशन भगीरथ या योजनेखाली हाती घेण्यात आले. ती नदी कृष्णा. महाबळेश्वरला उगम पावून सांगलीवरून खाली उतरलेली. तिच्या पाण्यात फ्लोराइडचा उपद्रव नाही. पावसाळ्यात तिला माती मात्र येते, आणि ती माती खाली बसविण्यासाठी शुद्धीकरण केंद्रात अद्यापि तुरटीचाच आधार घ्यावा लागतो, पण बेताच्या मात्रेने आणि मोजून.